सोळा आठवडे एक नंबर, पण यादीत नावच नाही

प्रश्न : गणपतीत सोसायटीच्या क्विझमध्ये विचारलं, नो डाउट या अमेरिकन बँडचं 'डोन्ट स्पीक' हे गाणं बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे बिलबोर्ड मासिकाच्या अमेरिकेतल्या टॉप शंभर गाण्यांच्या यादीत, कितव्या नंबरपर्यंत गेलं? मी छातीठोकपणे 'एक' म्हणालो, तर क्विझवाला म्हणे चूक, ते त्या यादीत आलंच नाही. अहो, तेव्हा माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून रेडिओवरची गाणी भरून कॅसेट पाठवायचा, प्रत्येक कॅसेटमध्ये हे असायचंच! मग हे कसं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : क्विझवाला बरोबर आहे, पण तुमच्या मावसभावाचा रेडिओही खोटं बोलत नव्हता. अमेरिकेत रेडिओची यादी वेगळी असते, आणि तिच्यात १९९६-९७ ला 'डोन्ट स्पीक' १६ आठवडे एक नंबरला होतं. आपल्या बिनाका गीतमालेत कसं, रेकॉर्ड किती खपल्या, श्रोता संघांची पत्रं काय म्हणतात यावर पायदान ठरायचं. तिकडे तोवर कॉम्प्युटर आलेले, ते स्टेशनं ऐकत बसायचे आणि कुठलं गाणं कधी वाजलं ते टिपायचे, मग त्या वेळी ऐकणारे साधारण किती असतील ते धरायचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टेशनवर सकाळी ऑफिसच्या वेळेला एकदा वाजलेलं गाणं कुठल्यातरी छोट्या गावात रात्री दोनला वाजलेल्याला सहज भारी पडतं.

आता गोची अशी की हॉट १०० मध्ये रेडिओ आणि विक्री दोन्ही धरायचे, पण गाणं दुकानात सिंगल म्हणून (म्हणजे अल्बमशिवाय, त्या गाण्याची वेगळी सीडी-कॅसेट) विकायला असेल तरच एन्ट्री. आणि कंपन्या तेव्हा हिट गाण्याचा सिंगल मुद्दाम काढायच्याच नाहीत, एका गाण्यासाठी लोकांनी अख्खा अल्बम घ्यावा म्हणून (चलाखी, दुसरं काय!). 'डोन्ट स्पीक' ज्यात होतं तो नो डाउटचा 'ट्रॅजिक किंगडम' हा अल्बम नुसत्या अमेरिकेत १ कोटी प्रतींपर्यंत गेला, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणून कंपनीत कोणी रडलं असेल असं वाटत नाही.

गू गू डॉल्स या बँडच्या 'आयरिस' गाण्याचंही तेच, १९९८ ला रेडिओवर १८ आठवडे एक नंबर, हा रेकॉर्ड थेट २०२० ला द वीकंडच्या 'ब्लाइंडिंग लाइट्स' या गाण्याने २६ आठवडे काढून मोडला. पण डिसेंबर १९९८ मध्ये बिलबोर्डने सिंगलची अट काढली, म्हणून आयरिसला उतरत्या काळात का होईना हॉट १०० वर नववा नंबर तरी मिळाला. 'डोन्ट स्पीक'चा जोर तोवर कधीच ओसरला होता.

क्विझवाल्याकडे अर्धा मार्क मागून बघा.