‘प्रायव्हटीअर’ला ‘चाचा’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: बेंजामिन फ्रँकलिन यांच्या एका पत्राचा अनुवाद चालू आहे, त्यात ‘प्रायव्हटीअर’ येतो. ‘चाचा’ लिहिलं तर चालेल का?

एरवी कानाडोळा केला असता, पण नेमकं या पत्रात नाही चालणार. चाचा कुणाला विचारून लुटत नाही. प्रायव्हटीअर म्हणजे खासगी मालकीचं सशस्त्र जहाज. युद्ध लागलं की सरकारकडून रीतसर कागद घ्यायचा, शत्रूची व्यापारी जहाजं धरायची, न्यायालयाचं शिक्कामोर्तब करून घ्यायचं आणि माल विकून पैसे वाटून घ्यायचे. सगळं कायदेशीर!

पत्र १४ मार्च १७८५ चं, बेंजामिन व्हॉन यांना लिहिलेलं. १७८२ मध्ये इंग्लंड-अमेरिका तहाच्या बोलण्यांत ब्रिटिश मंत्री शेलबर्न यांच्या वतीने पॅरिसला जाणारे ते हेच. लंडनमध्ये एका बाईने दुकानातून १४ शिलिंग ३ पेन्सांचं तलम कापड चोरलं आणि तिला मृत्युदंड झाला, ही बातमी फ्रँकलिन उचलतात. मग विचारतात, ज्या सरकारने दरोडेखोरांच्या, म्हणजे प्रायव्हटीअरांच्या, ७०० टोळ्यांना परवाने दिले, ते एका सकाळी २० चोर कोणत्या तोंडाने लटकवतं? वर न्यूगेट तुरुंगाचा किस्सा: एका कैद्याच्या बुटांची बक्कलं रात्री चोरीला जातात, तर दुसरा कैदी खवळतो, ‘आपल्यात चोर? शोधा त्याला!’

आता इथे ‘चाचे’ घातलेत तर टोमणाच गेला. चाच्याला चोर म्हणण्यात नवल ते काय? डंख आहे तो परवान्यात.

म्हणून मी ‘सनदी लुटारू’ सुचवेन. सनदी लेखापालांनी राग मानू नये. पण ‘सनदी’ म्हटलं की मागे सरकार उभं आहे हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. शिवाय ‘चाचा’ शब्द कोण कुणाला लावतं हेही पाहावं. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या लेखी चाचेच होते.

तळटीप द्यायचीच तर ही द्या: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात खुद्द फ्रँकलिन यांनीही फ्रान्समधून अशा सनदा वाटल्या होत्या. १७८५ च्या अमेरिका-प्रशिया तहात मात्र, आपसांत युद्ध झालंच तर त्या द्यायच्या नाहीत, असं कलम आलं. सही करणाऱ्यांत तेही होते.

‘लेटर ऑफ मार्क’, म्हणजे सरकारचा तो रीतसर कागद, पुढे आलंच तर सरळ ‘लुटीची सनद’ लिहा.