आजीच्या गोष्टी वहीत उतरवल्या की कोरड्या का होतात?

तुम्ही विचारलंय की आजी गोष्टी इतक्या रंगवून सांगतात, पण लिहून काढल्या की त्यांतला जीव जातो. मग त्या जपायच्या कशा?

वही बाजूला ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. आजोबांच्या गोष्टी मी शुद्ध भाषेत, नीटनेटक्या लिहिल्या होत्या. ते गेल्यावर वाचल्या तर प्रसंग सगळे होते, आजोबा कुठेच नव्हते. 'तर काय झालं...' म्हणून ते थांबायचे, चष्मा सदऱ्याला पुसायचे आणि मगच पुढे सांगायचे. ते थांबणंच मी गाळलं होतं. अजून सलतं ते.

आजीच्या वेळी वेगळं केलं. 'लहानपणाबद्दल सांग ना' म्हटलं की ती म्हणायची, 'त्यात काय सांगायचं?' मग एकदा तिच्या हातात जुनी किल्ली दिली. कुलूप कधीच हरवलेलं. तिने किल्ली हवेतच दोनदा डावीकडे फिरवली आणि म्हणाली, 'दार जरा आपल्याकडे ओढावं लागायचं, नाहीतर उघडायचं नाही.' मग त्या दाराआड कोण झोपायचं, रात्री उशिरा कोण यायचं, कुणासाठी कडी लावायची नाही... पाऊण तास ती बोलत होती, मी फक्त ऐकत होते.

तेव्हा वस्तू द्या, फोटो द्या. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यांत दाट असतात, असं मानसशास्त्रात वारंवार आढळलंय. पहिला पगार, पहिलं बिऱ्हाड, त्या वयातली मैत्रीण, हे विचारा.

आजींची बहीण किंवा भाऊ तीच गोष्ट वेगळी सांगत असेल तर खरं-खोटं करत बसू नका, दोन्ही ठेवा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं की पुन्हापुन्हा सांगताना माणूस गोष्ट आपल्या ओळखीच्या साच्यात बसवत जातो. म्हणूनच मूळ आवाज हवा. तो असला की मुलांना ती गोष्ट त्यांच्या पद्धतीने खुशाल सांगू द्या. माझा भाचा किल्लीची गोष्ट सांगताना हात उजवीकडे फिरवतो, मी त्याला टोकत नाही.

फाइलला तारीख, नाव, विषय द्या. तीन प्रती करा, एक घराबाहेर ठेवा.

आणि आजी 'हे नको ठेवूस' म्हणाल्या, तर तेवढा भाग त्यांच्यासमोरच पुसून टाका. माझ्या आजीने एकदाच तसं सांगितलं होतं. पुसल्यावर ती आणखी तासभर बोलली.