झिंक कमी आलंय, म्हणून शुगर वाढतेय का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४४, शाळेत शिक्षिका आहे, मिरजेजवळ राहते. आईला आणि मामाला डायबेटिस. मागच्या महिन्यात फुल बॉडी चेकअप केलं, उपाशीपोटी शुगर १०४, फास्टिंग इन्सुलिन १६ आणि झिंक ६६ आलं, त्याच्यापुढे लाल अक्षरात लो. (त्या आठवड्यात मला सर्दी-ताप होता.) नेटवर वाचलं की झिंक कमी असलं की इन्सुलिन रेझिस्टन्स होतो. मेडिकलवाल्याने ५० एमजीच्या गोळ्या दिल्यात. आम्ही पूर्ण शाकाहारी. गोळ्या चालू ठेवू का, शुगर उतरेल का?

उत्तर: ताई, आधी तुमच्या आकड्यांचं बघू, कारण त्या लाल अक्षरापेक्षा महत्त्वाची गोष्ट त्याच्या शेजारीच छापलीये. १०४ ला १६ ने गुणा आणि ४०५ ने भागा, ४.१ येतं, याला होमा आयआर म्हणतात. साधारण अडीचच्या वर गेलं की इन्सुलिन रेझिस्टन्स आहे असं आम्ही धरतो. म्हणजे तुमचं इन्सुलिन भरपूर तयार होतंय पण शरीर त्याचं नीट ऐकत नाहीये, आणि शुगर प्री-डायबेटिसच्या पट्ट्यात आलीये.

आता झिंक. इन्सुलिनशी त्याचं नातं खरं आहे आणि जुनंही. १९३४ मध्येच टोरांटोत स्कॉट या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की इन्सुलिनचे स्फटिक बनायला झिंक लागतं. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीत, इन्सुलिनचे सहा-सहा रेणू झिंकच्या दोन अणूंभोवती बांधून साठवलेले असतात. त्यावरून झिंक वाढवलं की शुगर सुधारणार असं वाटणं साहजिक आहे, पण गणित इतकं सरळ नाहीये. झिंक त्या साठ्यात पोचवणारं एक प्रथिन आहे, झेडएनटी-८. २०१४ मध्ये असं दिसलं की ज्यांच्यात त्याच्या जीनची एक प्रत जन्मतःच निकामी आहे त्यांना टाइप २ डायबेटिस उलट कमी होतो!

रक्तातल्या आकड्याचंही तसंच. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्यांमध्ये झिंक कमी, असं बऱ्याच पाहण्यांत आलंय, सगळ्यांत नाही. आणि आधी काय झालं हे त्यातून कळत नाही, कारण डायबेटिस झाला की लघवीतून झिंक जास्त जातं, आणि वजन वाढल्यावर शरीरात जी बारीक सूज राहते तिच्यामुळेही रक्तातलं झिंक खाली येतं. शरीरात झिंक दोन-तीन ग्रॅम असतं, बहुतेक स्नायू आणि हाडांत, रक्ताच्या पाण्यात त्याचा हजारावा हिस्सा फक्त. ताप आला की तेवढं झिंक लिव्हरकडे ओढलं जातं आणि रिपोर्टमध्ये कमी दिसतं, जेवल्यानंतरही उतरतं. तुम्हाला ताप होता, मग त्या ६६ वर मी तरी काही ठरवणार नाही. पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सकाळी उपाशीपोटी परत करा, सोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) आणि अल्ब्युमिन (रक्तात झिंक वाहून नेणारं प्रथिन).

गोळ्या तूर्त थांबवा. पाकिटावर बघा की ५० एमजी हे नुसतं झिंक आहे की झिंक सल्फेट, कारण ६१.८ एमजी सल्फेटमध्ये खरं झिंक २२.५ च असतं. मोठ्यांसाठी रोजची वरची मर्यादा ४० एमजी आहे, ती ओलांडायची तर डॉक्टरांच्या नजरेखालीच. झिंक देऊन शुगर थोडी उतरल्याचे प्रयोग आहेत, मुख्यतः डायबेटिस असलेल्यांत, पण प्रयोग लहान आणि फरकही लहान. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं, पोटाचा घेर कमी करणं आणि रात्रीची पुरेशी झोप यातून तुमचा ४.१ जितका खाली येईल तितका गोळीने येणार नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

शाकाहाराचा मुद्दा मात्र बरोबर काढलात. आपल्याकडे बाईला रोज १३.२ एमजी झिंक लागतं असं एनआयएन (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) सांगते, अमेरिकेत ८ च, कारण आपल्या धान्य-डाळींतलं फायटेट नावाचं द्रव्य झिंकला धरून ठेवतं आणि ते आतड्यातून पुरतं शोषलं जात नाही. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहेच, मटकी-हरभरा भिजवून मोड आणणं, आंबोळी-इडलीचं पीठ आंबवणं, याने फायटेट मोडतं. बाजरीची भाकरी, तीळकूट, भोपळ्याच्या बिया, मूठभर काजू हे रोजच्या ताटात येऊ द्या.

प्रश्न: मिस्टर कोरोनापासून झिंकची ५० एमजीची गोळी रोज घेतात, बंदच केली नाही. हल्ली पायाला मुंग्या येतात, हिमोग्लोबिनही कमी आलंय. संबंध असेल का? (वाचक, बार्शी)

उत्तर: असू शकतो, आणि हे लांबणीवर टाकू नका. जास्त झिंक वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून तांबं शोषलं जात नाही, त्यातून अॅनिमिया होतो आणि नसा बिघडतात, आणि नसांचं नुकसान नेहमी पूर्ण भरून येतं असं नाही. आजच गोळी बंद करा आणि या आठवड्यात फिजिशियनना दाखवा, कॉपर (तांबं), सेरुलोप्लाझमिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन), बी-१२ आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगा. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर तेही सांगा, त्याने बी-१२ कमी होऊन अशाच मुंग्या येतात.