‘रिस्पॉन्सिव्ह’ वेबसाइटला मराठीत काय म्हणावे?

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थान समितीच्या चिटणिसांचा प्रश्न आहे. देवस्थानाची नवी वेबसाइट करायला दिली आहे. अंदाजपत्रकात ती ‘रिस्पॉन्सिव्ह’ आणि ‘सर्व रिझोल्यूशनना चालणारी’ असेल, असे लिहून आले आहे. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांच्या, सभेचे इतिवृत्त मराठीत लिहायचे म्हणून त्यांनी यंत्राकडून भाषांतर करून घेतले, तर ‘प्रतिसादात्मक संकेतस्थळ, सर्व ठरावांसाठी योग्य’ असे वाक्य मिळाले. हे चालेल का, नाही तर काय लिहावे?

‘ठराव’ तर मुळीच चालणार नाही. इंग्रजी ‘रिझोल्यूशन’चा तो दुसरा अर्थ. तो सभेत मांडतात नि मंजूर करतात. त्याचा पडद्याशी संबंध नाही. ‘प्रतिसादात्मक’बद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण हा शब्द हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतो आणि वरवर पाहता बरोबर वाटतो.

मराठीतली ‘साद’ संस्कृत ‘शब्द’पासून प्राकृत ‘सद्द’च्या वाटेने आली. ‘पडसाद’ त्याच घरातला, आणि ‘प्रतिसाद’ म्हणजे त्या तद्भव सादेला जोडलेला संस्कृत उपसर्ग. आपल्या वापरात प्रतिसाद माणसे देतात आणि त्याआधी कुणीतरी साद घातलेली असते. जत्रेच्या नाटकाला प्रेक्षकांचा प्रतिसाद, देणगीच्या आवाहनाला भाविकांचा प्रतिसाद. ‘प्रतिसादात्मक संकेतस्थळ’ वाचून महाजनांना वाटेल, की इथे प्रश्न विचारला तर उत्तर येते किंवा अभिषेकाची पावती लगेच मिळते. पानाची मांडणी पडद्याप्रमाणे बदलते, हा अर्थ कुणाच्याही मनात येणार नाही, आणि सांगायचे तर नेमके तेच आहे.

इंग्रजीत वेबसाइटसाठी ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द आला तो वास्तुकलेतून. २०१० साली वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी एका लेखात ही कल्पना नाव देऊन मांडली. माणूस जवळ आला की वाकणारी भिंत, खोलीत गर्दी झाली की आपोआप अपारदर्शक होणारी काच, अशा वास्तूंच्या प्रयोगांवरून त्यांनी विशेषण उचलले. तिथे ते शोभते, कारण भिंत खरोखरच माणसाला उत्तर देते. आपल्याकडे तो संदर्भच नाही. म्हणून इंग्रजी शब्दामागे न जाता पान काय करते ते पाहून नाव द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

पान काय करते? त्याचे रकाने ठरावीक ठिपक्यांत (पिक्सेलांत) न मोजता टक्केवारीत मोजलेले असतात. चित्रे रकान्याबाहेर जात नाहीत, त्याच्याबरोबर आकसतात. आणि रुंदी अमुक एका मापाखाली गेली की शेजारचे रकाने एकाखाली एक येतात, हे ‘मीडिया क्वेरी’ नावाच्या नियमांनी सांगितलेले असते. मजकूर तोच, पान तेच. एकच नाटकमंडळी एकच संहिता देवळाच्या प्रांगणातल्या अरुंद मांडवात आणि पणजीच्या कला अकादमीच्या भव्य मंचावर करते, वावर तेवढा मंचाप्रमाणे बसवते, तसे.

‘लवचीक’ सुचते (‘ची’ दीर्घ, एवढे लक्षात ठेवावे). पण लवचीक कशाच्या संदर्भात, ते त्यातून कळत नाही. तो शब्द आकसणाऱ्या चित्रांसाठी राखून ठेवावा. ‘मोबाइल-अनुकूल’ सोपा आहे, मात्र अर्धेच सांगतो: मोठ्या पडद्यावरही मांडणी नीट पसरायला हवी.

मला आवडतो तो ‘-जोगा’ हा प्रत्यय. मनाजोगे, सांगण्याजोगे, राहण्याजोगे. त्यावरून ‘पडद्याजोगी वेबसाइट’ करता येईल. पण गोव्यात नाटकाच्या माणसाला पडदा म्हटले की आधी दर्शनी पडदा दिसतो, आणि २०२३पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत पानाचा एखादा तुकडा पडद्याची नव्हे, तर आपल्या चौकटीची रुंदी पाहून बदलू शकतो. म्हणून ‘मापाजोगी’ अधिक बरा. माप कशाचे, ते वाक्यात सांगता येते. शिवाय विशेषण लिंगाप्रमाणे चालते: मापाजोगी वेबसाइट, मापाजोगे संकेतस्थळ, मापाजोगा आराखडा. दोन-तीन ठरावीक रुंदींसाठी वेगवेगळ्या मांडण्या करून ठेवतात, त्या प्रकाराला ‘ठरीव मापांची’ म्हणावे. त्यामुळे दोन्हींतला फरकही टिकतो.

आता रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर किती ठिपके आहेत ते. हा शब्द आहे तसा ठेवला तरी सगळ्यांना कळतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतले ‘विभेदन’ इथे आणू नये. खरी अडचण अशी, की अंदाजपत्रकात तो चुकीच्या जागी आहे. पहिल्या आयफोनचा पडदा ४८० बाय ३२० ठिपक्यांचा होता. २०१०च्या आयफोन ४चा तेवढ्याच, म्हणजे साडेतीन इंचांच्या पडद्यावर ९६० बाय ६४० झाला. इंचाला १६३ ठिपके होते, ते ३२६ झाले. तरी दोन्ही फोनांवर वेबसाइटच्या हिशेबाने उभ्या पडद्याची रुंदी ३२०च, कारण नव्या फोनात रुंदीतले दोन ठिपके मिळून एक धरतात. मांडणी बदलते ती या रुंदीप्रमाणे. ठिपक्यांची दाटी वाढली की फरक पडतो तो चित्रांत: लहान चित्र दिले असेल तर ते धूसर दिसते. तेव्हा ‘रुंदी’ आणि ‘ठिपक्यांची दाटी’ असे दोन शब्द वेगळे वापरावेत.

इतिवृत्तात असे लिहिता येईल: ‘वेबसाइट मापाजोगी असावी, म्हणजे मोबाइलपासून मोठ्या पडद्यापर्यंत कोणत्याही रुंदीवर आडवे न सरकवता वाचता यावी, आणि दाट ठिपक्यांच्या पडद्यावरही चित्रे स्पष्ट दिसावीत.’

त्याला आणखी एक कलम जोडा, ते देवनागरीचे. ‘मूर्तींचे’ हा शब्द पाहा. ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकावर एक येतात, ‘मू’खाली ऊकार लोंबतो. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ओळींतले अंतर आवळले, की अरुंद पडद्यावर मथळा दोन ओळींत मोडतो तेव्हा वरचा ऊकार खालच्या रफारावर आदळतो, आणि मथळ्याची चौकट ठरीव उंचीची असेल तर अनुस्वार कापलाच जातो. पैसे चुकते करण्यापूर्वी हाच शब्द मथळ्यात घालून एखाद्या लहान फोनवर पाहून घ्या.