१७ सप्टेंबरचा झेंडा

चि. ईशान,

१७ सप्टेंबरला मी सकाळीच तिरंगा लावला, तेव्हा तू विचारलेस, "भारत तर १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला ना? आणि तू आता ऑस्ट्रेलियाची नागरिक आहेस, मग हे कशाला?" तुझा दुसरा प्रश्न मनाला लागला, म्हणून लिहून उत्तर देते आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी परभणी जिल्ह्यातले आमचे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिरंगा फडकवला तर तुरुंग, हे दहा वर्षांच्या आबांनाही ठाऊक होते. संस्थानातल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना तर त्याच दिवशी अटक झाली. पुढचे तेरा महिने रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धास्तीत गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आबा या लष्करी कारवाईला शेवटपर्यंत 'पोलीस अ‍ॅक्शन'च म्हणत. बातमी गावात आली तेव्हा कडब्याच्या गंजीत लपवलेला झेंडा कोणीतरी बाहेर काढला आणि सगळी पोरे चिखलातून त्यामागे धावली, असे ते सांगत.

माझ्या लहानपणीही १७ सप्टेंबरला प्रभातफेरी निघे आणि मला तीच सर्वांत आवडे. काळ्या मातीचे थर तळव्यांना चिकटत, नीळ घातलेल्या गणवेशावर शिंतोडे उडत, आणि तरीही गुरुजींच्या मागे घसा बसेपर्यंत आम्ही घोषणा देत असू. आबा पारावर उभे असत. फेरी जवळ आली की हातातली तंबाखू टाकून ते ताठ होत. झेंडावंदनानंतर लिमलेटच्या गोळ्या मिळत.

माझ्याच वर्गातल्या एका मुसलमान मैत्रिणीच्या घराचे दार मात्र त्या दिवशी बंद असे. पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यात कितीतरी निरपराध मुसलमान मारले गेले, हे मी मोठेपणी वाचले; शाळेत ते कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून माझ्या आनंदात थोडा संकोच मिसळला आहे, पण आनंद गेलेला नाही.

पासपोर्ट मी विचार करून बदलला आणि या देशाशी मी प्रामाणिक आहे. तरीही आबांना मिळालेले ते स्वातंत्र्य मला माझेच वाटते, आणि तुला पटेल असे त्याचे कारण मला देता येत नाही. तुलाही तसेच वाटावे, असा माझा आग्रह नाही. डिसेंबरात गावी जाऊ तेव्हा आबांच्या धाकट्या बहिणीला, गंगूआजीला, जरूर विचार. त्या पोरांमध्ये तीही होती.

तुझी,
आई