‘तत्रैव’ लिहू नकोस

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. निवड झाल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच विचारलंस, “सर, वर्षभरात माझ्या नावावर काय होईल?” तेव्हा मी चहाचं निमित्त काढून विषय टाळला. आता सावकाश लिहितो.

तू डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाच्या कामावर चालली आहेस. सुमित्र मंगेश कत्रे यांनी हे काम १९४८ साली हाती घेतलं. पुढची पंचवीसेक वर्षं नुसत्या स्लिपा, म्हणजे एकेका शब्दाच्या नोंदीच्या चिठ्ठ्या, लिहिण्यात गेली. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून सुमारे एक कोटी स्लिपा झाल्या. पहिला खंड घाटग्यांच्या संपादनाखाली छापायला लागला तो १९७६ साली, आणि त्यानंतर चाळीस वर्षं उलटली तरी काम ‘अ’तच होतं. लोक यावर हसतात. हसणाऱ्याला एवढंच विचार, की संस्कृतात नकार कशाने होतो? त्या एका ‘अ’ने. शिवाय अनु, अप, अभि, अव, अधि हे सगळे उपसर्गही तिथेच ठाण मांडून बसलेत. ‘धर्म’ यायला पुष्कळ अवकाश आहे, पण ‘अधर्म’ पहिल्याच अक्षरात उभा! अशा ठिकाणी एका वर्षात तुझ्या नावावर काय होणार, ते तूच ताड.

पण तुझ्या हातून काय होऊ शकतं, हे मी माझ्या फजितीवरून सांगतो.

मी तुझ्या वयाचा असताना आम्ही चौघं एका विद्यापीठात जुन्या कागदांची कार्डसूची करत होतो. माझा हात चपळ, आणि त्याचा गर्वही होता. एकाच दप्तरातून ओळीने नोंदी घेताना पहिल्या कार्डावर पूर्ण संदर्भ लिहायचो आणि पुढच्या कार्डांवर नुसतं ‘तत्रैव’, म्हणजे ‘तिथेच, संदर्भ वरचाच’. दोनेकशे कार्डं अशी झाली. मग ठरल्याप्रमाणे सगळ्यांची कार्डं एकत्र करून अकारविल्हे लावली. आता बघ, ‘इनाम’च्या कार्डावर ‘तत्रैव’, त्याच्या आधीचं कार्ड दुसऱ्याच्या हातचं, दुसऱ्याच दप्तरातलं. तत्र म्हणजे कुत्र? आमच्यातल्या एकाने अख्खी दिवाळीची सुट्टी माझे संदर्भ शोधण्यात घालवली आणि मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा स्लिप लिहिताना ती गठ्ठ्यातून निसटून टेबलाखाली पडली आहे असं धरून लिही. शब्द, पूर्ण वाक्य, ग्रंथ, कोणती आवृत्ती, अध्याय, श्लोक. गद्य असेल तर ओळसुद्धा. कोशात अर्थ कालक्रमाने लावायचे असतात, त्यामुळे ग्रंथच ओळखू आला नाही तर उत्तम शोधलेला अर्थही कुठे बसवायचा ते कळत नाही.

पहिले दोन महिने मत देऊ नकोस असं पूर्वी मी विद्यार्थ्यांना सांगायचो. आता सांगत नाही. मत दे, पण पेन्सिलीने, तारीख आणि आद्याक्षरं घालून, आणि आधीच्याचं मत न खोडता. भांडारकर संस्थेने अनेक पोथ्या ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यात हीच शिस्त आहे. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ साली पुरं झालं. मुख्य संपादक सुकथनकर १९४३ मध्ये गेले, मग बेलवलकर आले, मग वैद्य. आखीव कागदावर वर श्लोक, आणि खाली एकेका पोथीचा पाठभेद नेमक्या त्या त्या अक्षराखाली. त्या रकान्यांमुळेच एकाचं काम दुसऱ्याला पुढे नेता आलं. नाकारलेले पाठ तळटीपांत जपले, आणि स्वीकारलेल्या पाठाबद्दलही खात्री नसेल तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. एवढ्या मोठ्या विद्वानांनी ‘इथे आम्ही साशंक आहोत’ असं छापील पानावर दाखवून ठेवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

श्रेयाचं म्हणशील तर गटात मिळून लेख लिहायचा ठरला की नावांचा क्रम पहिल्याच बैठकीत विचार. अवघडल्यासारखं होईल, होऊ दे. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेला हा विषय पुढे भांडणातच निघतो.

जेवणाच्या सुट्टीत जुन्या मंडळींबरोबर बस, डबा एकटीने खाऊ नकोस. कुठल्या ग्रंथाची कुठली आवृत्ती दगा देते, हे तिथेच ऐकायला मिळतं.

दिवाळीत घरी येशील तेव्हा अडलेल्या एका नोंदीची नक्कल करून आण. मूळ स्लिप जागेवरच राहू दे. माझा चष्मा बदललाय, बारीक अक्षर चालेल.

तुझा,
सर