वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन शाळा आणि दहावीची परीक्षा

प्रश्न : दुबईहून नागपूरला परतलो. मुलगी नववीत आहे. ब्रिटनमधल्या ऑनलाइन शाळेतून केंब्रिज आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) पूर्ण करायचा विचार आहे. शाळा वैयक्तिक मार्गदर्शकही देते. आधी काय तपासावं? – एक पालक, मनीषनगर

उत्तर : आधी परीक्षा केंद्र, मग फी. शिकवणी ऑनलाइन असली तरी लेखी परीक्षा केंद्रावर बसूनच द्यावी लागते, आणि प्रत्येक केंब्रिज शाळा बाहेरचा विद्यार्थी परीक्षेला घेत नाही. मे-जूनची परीक्षा असेल तर आदल्या ऑक्टोबरातच केंद्राकडून लेखी होकार घ्या. नागपुरात जमलं नाही, तर मुंबई-पुण्याची तयारी ठेवावी लागेल. केंद्राला विषयाचा कोडही सांगा. भौतिकशास्त्राचा ०६२५. त्यात पेपर ५ हा प्रत्यक्ष प्रयोगाचा, तर पेपर ६ प्रयोगावरचा लेखी. बाहेरच्या विद्यार्थ्याला सहसा पेपर ६ सोयीचा. पण एकदाही उपकरणं न हाताळलेली मुलं तिथेच गुण घालवतात: तक्त्यात एकक लिहीत नाहीत, आलेखाचं प्रमाण चुकतं. म्हणून महिन्यातून दोन शनिवार जवळच्या प्रयोगशाळेत पाठवाच.

वेळेचं गणितही बघा. ब्रिटनमधला सकाळी ९ चा तास आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दीडला, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर अडीचला. सकाळ मोकळी मिळते, ती मराठी, खेळ, मैत्रिणी यांना द्या. घरात एकटं पडलेलं मूल अभ्यासातूनही मन काढून घेतं.

मार्गदर्शक दर आठवड्याला अर्धा तास एकट्या तिच्याशी बोलणार का, आणि तोच माणूस वर्षभर राहणार का, हे विचारा. नुसता महिन्याचा अहवाल पाठवणारा मार्गदर्शक काही कामाचा नाही.